नेट गेलंय, पण नक्की कुठून?

"नेट चालत नाहीये" असं घरात कोणी ओरडलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. जवळचा माणूस उठतो, राउटरचा स्विच बंद करतो, दहा मोजतो, पुन्हा चालू करतो. चाललं तर उत्तम, नाहीतर कस्टमर केअरला फोन. रीस्टार्ट अनेकदा खरंच कामाला येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधीच रीस्टार्ट मारला की दोष कुठे होता याच्या खुणा पुसल्या जातात. संध्याकाळी तोच त्रास परत होतो आणि आपल्या हाती काहीच नसतं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी दोष कुठल्या तुकड्यात आहे ते शोधा, मग कशालाही हात लावा. त्यासाठी इंजिनियर असायची गरज नाही. नेट आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं येतं एवढं डोक्यात असलं की पुरतं.

कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या ऑफिसातून फायबर, म्हणजे केसाइतकी बारीक काचेची तार, आपल्या भागात येतो. वाटेत एका छोट्या डब्यात त्याचे फाटे फुटतात, त्याला स्प्लिटर म्हणतात. एका मूळ फायबरवर साधारण ३२ किंवा ६४ घरं असतात आणि ती सगळी मिळून २.५ जीबीपीएसच्या आसपासचा वेग वाटून घेतात. तिथून एक बारीक काळी किंवा पांढरी वायर आपल्या घरात शिरते आणि एका डबीला लागते. या डबीला आपण मोडेम म्हणतो, टेक्निशियन ओएनटी म्हणतात. तिचं काम प्रकाशाचं रूपांतर विजेच्या संकेतात करण्याचं. पुढे राउटर येतो, आजकाल बहुतेक वेळा तो त्याच डबीत असतो. राउटरपासून फोनपर्यंत हवा, म्हणजे वायफाय, किंवा लॅन केबल. आणि शेवटी तुमचा फोन, लॅपटॉप, टीव्ही.

म्हणजे फायबर, डबी, हवा किंवा केबल, आणि तुमचं उपकरण. दोष यापैकी एका ठिकाणी असतो, क्वचित दोन.

आधी डबीचे दिवे बघा

दिवे शोभेसाठी नसतात. त्यात दोन महत्त्वाचे: पीओएन आणि एलओएस. पीओएन हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीकडून प्रकाश नीट येतोय आणि ओएनटीची तिकडच्या यंत्राशी ओळख पटलेली आहे. एलओएस लाल होऊन लुकलुकत असेल तर डबीपर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी वायफायचा पासवर्ड बदला, लॅपटॉप फॉरमॅट करा, राउटर पन्नास वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे किंवा सुटली आहे.

घरातल्या घरात बघण्यासारखं एकच असतं: डबीमागे लागलेली ती बारीक वायर. तिचं टोक बहुतेक हिरव्या रंगाचं असतं. हिरव्या टोकाची काच आठ अंशांनी तिरकी घासलेली असते, निळ्या टोकाची तशी नसते, म्हणून हिरव्याच्या जागी निळं लावायचं नाही. झाडलोट करताना टेबल सरकलं आणि ही वायर कोपऱ्यात करकचून दुमडली गेली, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. काचेतून जाणारा प्रकाश घट्ट वळणावर बाहेर सांडतो. वायरला मोठा, सैल वळसा द्या, एलओएस कधीकधी तिथल्या तिथे विझतो. मात्र टोक काढून आत डोकावून बघू नका. हा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा असतो. दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही, आणि तुटलेल्या टोकाचा काचेचा कण बोटात घुसला तर शोधणंही कठीण.

वायर घरात ठीक असेल आणि तरी लाल दिवा असेल, तर पुढचं काम कंपनीचं. खांबावरून गेलेली वायर खारीनं कुरतडलेली असते, उंच गाडीनं ओढलेली असते, जॉइंटच्या डब्यात पावसाचं पाणी शिरलेलं असतं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी लाइट गेले की नेट जातं, असं होत असेल तर तुमच्याकडे बहुधा फायबर घरापर्यंत आलेलाच नाही. तो इमारतीपर्यंत येतो, जिन्यात किंवा गच्चीवरच्या पेटीत एक स्विच बसवलेला असतो आणि तिथून साधी लॅन केबल तुमच्या घरात येते. तो स्विच विजेवर चालतो. खऱ्या घरपोच फायबरमध्ये मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. कनेक्शन घेताना "फायबर घरात येणार की जिन्यात?" हा प्रश्न विचाराच.

दोन काळ्या खिडक्या

दिवे हिरवे आहेत आणि तरी नेट अडकतंय, ही खरी डोकेदुखी. इथे माझी आवडती चाचणी आहे, आणि तिच्यामुळे अर्ध्याहून अधिक वाद मिटतात.

विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, सीएमडी टाइप करा, एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत. येणाऱ्या यादीत डिफॉल्ट गेटवेसमोर १९२.१६८.१.१ किंवा तत्सम आकडा दिसेल. तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता पिंग, मग एक जागा सोडून तो आकडा, पुन्हा एक जागा सोडून उणेचं चिन्ह आणि टी, असं लिहा. लॅपटॉप राउटरला दर सेकंदाला विचारत राहील, "आहेस का?" आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते समोर छापत राहील. तशीच दुसरी खिडकी उघडा, त्यात राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ लिहा. हा गूगलचा सर्व्हर, २००९ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि नेट अडकण्याची वाट बघा.

राउटरच्या खिडकीत २, ३, ५ असे आकडे यायला हवेत. मध्येच ३०० झालं, ९०० झालं, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं, तर दोष घरातच आहे, तुमच्या आणि राउटरच्या मधल्या हवेत. कंपनीचा यात काही संबंध नाही. उलट राउटरचे आकडे शांत आहेत आणि ८.८.८.८ चे उड्या मारतायत, तर घर निर्दोष, दोष बाहेर. थांबवायला कंट्रोल आणि सी.

आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाच्या ऑफिसच्या मीटिंगा रात्री अडकायच्या. काकू मला म्हणाल्या, "अगं, स्पीड टेस्टला तर शंभर दाखवतो, मग अडकतो कसा?" टेस्ट हॉलमध्ये राउटरसमोर उभं राहून केलेली होती, मीटिंग आतल्या खोलीत. आतल्या खोलीत दोन खिडक्या उघडल्या तर राउटरचीच खिडकी ४ वरून ४०० वर जात होती. राउटर टीव्हीच्या मागे, जमिनीलगत, आणि मध्ये फ्रिज. तो पॅसेजमधल्या कपाटावर ठेवल्यावर त्या खोलीत आकडे खाली बसले.

दोन्ही खिडक्यांत शांतता असते आणि फक्त कोणीतरी फोटोंचा बॅकअप लावला की ८.८.८.८ चे आकडे फुगतात, असंही होतं. बॅकअप किंवा सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग अपलोडची वाट भरून टाकतं आणि मीटिंगचे छोटे छोटे संदेश रांगेत अडकतात. प्लॅन मोठा घ्यायच्या आधी बॅकअपची वेळ रात्री दोनची करून बघा.

हवेतलं भांडण

बहुतेक घरांतला दोष वायफायमध्ये असतो, म्हणून इथे जरा थांबू.

तुमच्या राउटरकडे दोन पट्टे असतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब पोचतो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण हळू आणि गर्दीचा. दुसरा वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमतो. पहिल्यात गर्दी का, तर त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे, वायरलेस माउस आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर आहेतच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत या तीन जागांवर किती जण असतील याचा विचार करा. एका चौकात चार मंडळांचे स्पीकर एकदम लागल्यावर आरती कोणाची चाललीय ते कळत नाही, तीच गत. कोणी मध्येच ३ किंवा ८ नंबरचा चॅनल लावला तर तो दोन्ही बाजूंना त्रास देतो. म्हणून २.४ वर असाल तर १, ६, ११ पैकीच निवडा, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली की अर्ध्याहून अधिक पट्टा तुम्हीच अडवून बसता.

हॉलमध्ये, टीव्हीला, कामाच्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ वापरा. लांबच्या खोलीतला बल्ब, गच्चीवरचा कॅमेरा, जुना फोन यांना २.४ राहू द्या. पुष्कळसे स्मार्ट बल्ब आणि प्लग ५ पकडतच नाहीत. नवीन बल्ब जोडताना "डिव्हाइस सापडत नाही" असं वारंवार येत असेल तर हेच कारण असतं. तेवढ्यापुरता फोन २.४ वर आणा, बल्ब जोडा.

वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. लांबच्या बेडरूममधला, एका काडीवर रडतखडत चालणारा जुना फोन तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून ठेवतो आणि त्यात सगळ्या घराचा वेग खाली येतो. "माझा फोन तर राउटरच्या शेजारी आहे, तरी हळू" याचं उत्तर अनेकदा दुसऱ्या खोलीत असतं.

राउटर कुठे ठेवावा? घराच्या मध्याजवळ, छातीच्या वर, मोकळ्यावर. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि माशांची टाकी यांच्या आड नको. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. सिमेंटच्या भिंतीतली सळई, तुळई आणि खांब यांचाही हिशेब धरा, जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंती तर ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ थांबवतातच. कनेक्शन लावायला आलेला माणूस वायर जिथे आत येते तिथेच, दाराच्या वर, राउटर ठोकून जातो. त्याला चार मीटर वायर जास्त घालायला लावा. तो कुरकुरेल, पण पुढची काही वर्षं घर तुम्हाला वापरायचं आहे.

आणखी एक लपलेला शत्रू: यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क. तिची वायर २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलनं २०१२ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो, असं होत असेल तर माउसचा डोंगल छोट्या एक्स्टेंशन वायरनं लांब न्या.

९४ चा आकडा

लॅन केबल वायफायपेक्षा कधीही भरवशाची. टीव्ही आणि टेबलावरचा कॉम्प्युटर यांना शक्य असेल तर केबलच लावा, हवा मोबाइलसाठी मोकळी राहते. पण केबलचा एक दोष असा असतो की तो वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

तुमचा प्लॅन ३०० चा आहे आणि केबल लावून स्पीड टेस्ट केली तर दर वेळी ९३, ९४, ९५. कधी ९६ नाही, कधी १२० नाही. हा आकडा दिसला की कंपनीला फोन करू नका, केबलकडे बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. टोकाच्या प्लगमध्ये उरलेल्या जोड्यांतली एखादी तार सैल झाली, तर बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे शंका येत नाही. १०० मधून संदेशांवरचे पत्ते आणि इतर वेष्टण वजा केलं की हातात ९४-९५ उरतात. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड बघा. १००/१०० असेल तर केबल बदला किंवा प्लग नवा बसवून घ्या. केबल बदलूनही आकडा हलला नाही तर राउटरचा किंवा टीव्हीचा पोर्टच, म्हणजे केबल घालायचं भोकच, १०० चा आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा तसा असतो, आणि सिनेमा बघायला तेवढा भरपूर आहे.

केबल घेताना तांब्याचीच आहे ना हे विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण वाकवली की तुटते. आणि जाता जाता, प्लॅनचे १०० एमबीपीएस म्हणजे बिट. फाइल उतरताना स्क्रीनवर दिसतात ते बाइट, आठ बिटांचा एक. तिथे १२ एमबी दिसलं तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.

नेट आहे, पण साइट उघडत नाही

व्हॉट्सॲपचे मेसेज येतायत आणि ब्राउझर मात्र काही उघडायला तयार नाही. अशा वेळी त्या काळ्या खिडकीत ८.८.८.८ ला उत्तर येतंय का बघा. येत असेल, पण साइटचं नाव लिहून पिंग केल्यावर "सापडत नाही" येत असेल, तर नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, डीएनएस, बिघडली आहे. राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला. एकाच फोनवर त्रास असेल तर त्या फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिराती अडवण्यासाठी कोणी काही लिहून ठेवलंय का ते तपासा, आणि ते ऑटोमॅटिक करा.

जुन्या डेस्कटॉपवर प्रत्येक साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल संपला की बंद कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साइटची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांमध्येच वैध असतात, त्यामुळे तुमच्या कॉम्प्युटरला ती अजून सुरूच झालेली नाहीत असं वाटतं. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपनं स्वतःच काहीतरी घेतला आहे. इथे रीस्टार्ट योग्य औषध आहे.

जुना राउटर दुसऱ्या खोलीत लावून वायफाय वाढवायचं असेल तर त्याचं पत्ते वाटण्याचं काम, डीएचसीपी, आधी बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या वॅन, म्हणजे बाहेरून नेट घेणाऱ्या, भोकात नव्हे तर लॅन भोकात घाला. एका घरात दोघं पत्ते वाटायला लागले की कधी हा फोन चालतो, कधी तो.

रीस्टार्ट आणि रीसेट

रीस्टार्ट म्हणजे स्विच बंद करून चालू करणं. अर्धा मिनिट बंद ठेवा, मग डबी आधी चालू करा, तिचा पीओएन स्थिर झाला की राउटर. रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी घालून काही सेकंद दाबणं. ते करू नका. त्यानं वायफायचं नाव आणि पासवर्ड जातातच, शिवाय कंपनीनं भरलेलं यूजरनेम-पासवर्डही जाऊ शकतं, आणि मग माणूस घरी येईपर्यंत बसून राहावं लागतं.

राउटर आपोआप बंद-चालू होत असेल तर ॲडाप्टरवर संशय घ्या. दोन-तीन वर्षं अखंड गरम राहून त्याच्या आतले कपॅसिटर सुकतात, मग ताण आला की व्होल्टेज पडतं. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच, बहुधा १२. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त, कमी कधीच नाही. पिनेची जाडी आणि अधिक-उणेची आकृतीही जुन्याशी जुळवा.

वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की ॲडाप्टर भिंतीतून काढून ठेवा. काच वीज वाहून नेत नाही, पण वीजजोडणी आणि जिन्यातून आलेली लॅन केबल नेते. घरात येणाऱ्या फायबरच्या वायरीत अनेकदा आधारासाठी पोलादी तारही असते.

कंपनीला फोन करायचाच झाला तर "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "पीओएन हिरवा आहे, केबल लावून राउटरला पिंग २ येतं, ८.८.८.८ ला रात्री नऊनंतर ३०० च्या वर जातं" असं सांगा. असं सांगितलं की पलीकडचा माणूस तुम्हाला रीस्टार्ट करायला सांगण्यात वेळ घालवत नाही. टेक्निशियन घरी आला की त्याला पॉवर मीटर, म्हणजे प्रकाश किती येतोय ते मोजणारं यंत्र, लावायला सांगा. मीटरवर उणे आकडा येतो, उणे २० असेल तर छान. उणे २७ च्या आसपास असेल तर जोडणी कडेवर आहे आणि पावसात ती सुटणार. दर ३ नं प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० वरून उणे २६ ला आलात तर पाऊणहिस्सा प्रकाश वाटेत गेला. तो आकडा आणि तारीख डबीच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसराच टेक्निशियन येईल, त्याला आधीचा आकडा दाखवता येईल.